चार महिन्यांचे मेघवन

मुंबई–अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाच्या लेखी मनोर हे चहा घेण्याचे, इंधन भरण्याचे किंवा पालघर आणि वाड्याकडे वळण्याचे ठिकाण आहे. वर्षाचे आठ महिने तरी त्याची एवढीच ओळख असते. पावसाळ्यातील शनिवार-रविवार मात्र वेगळे. मुंबई, ठाणे, वसई-विरार येथून निघालेल्या मोटारी आणि दुचाकी मनोरच्या नाक्यावर पोहोचतात आणि तेथून तीन दिशांना पांगतात. काही पालघरच्या रस्त्याने वाघोबा खिंडीतील धबधब्याकडे, काही वाड्याच्या रस्त्याने कोहोजगडाच्या पायथ्याकडे, तर काही महामार्गानेच पुढे मेंढवण खिंडीच्या आणि अशेरीगडाच्या दिशेने. ओढ सर्वांना एकाच गोष्टीची असते. ढग खाली उतरलेले असतात. अशेरीचा माथा दिसेनासा झालेला असतो, कोहोजच्या शिखरावरील माणसासारखे भासणारे वाऱ्याने कोरलेले सुळके धुक्यात बुडालेले असतात, आणि शहरातून आलेल्या माणसाला आपण कोणत्या तरी दूरच्या, सदाहरित प्रदेशात येऊन पोहोचल्याचा भास होतो.

हा भास चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. मनोरच्या डोंगरांवरील हे जंगल वर्षातील चार महिने एका रूपात असते आणि उरलेले आठ महिने दुसऱ्या. शहराला पहिले रूप ठाऊक आहे. जंगलाच्या भवितव्याविषयी, त्यातून उगम पावणाऱ्या पाण्याविषयी आणि तेथे येणाऱ्या गर्दीविषयी आपण जे काही ठरवतो, ते या पहिल्या रूपाकडे पाहून ठरवतो. दुसऱ्या रूपाची गाठ पडते ती फक्त तेथे राहणाऱ्यांशी.

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, अशेरीवर जाण्याचा योग आला. खडकोणा गावातून सकाळी लवकर निघालो. सोबतीला पाड्यातील एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. भाताची लावणी अर्ध्यावर असताना त्यांनी एक दिवस मोडला, याचे मला उगाच ओशाळे वाटत होते, पण ते म्हणाले, "आज पाऊस उघडला आहे साहेब, आवण उपटायला बाया पुरेशा आहेत." वाट सागाच्या, ऐनाच्या, हेदाच्या गर्दीतून चढते. मध्येच एखादा कळंब, बोंडारा, बिबा. पायाखाली लाल चिखल, त्यात चिंबोऱ्यांची बिळे, आणि कुजक्या ओंडक्यांवर रांगेने उगवलेल्या भूछत्र्या. काकांचे लक्ष मात्र या शोभेकडे नव्हते. ते करटोलीचे वेल शोधत चालले होते. वाटेत एक काकडाचे झाड दाखवून त्यांनी सांगितले, की पावसाच्या तोंडाशी शेवळे निघतात तेव्हा याची आंबट फळे त्या भाजीत घालावीच लागतात, नाही तर घसा खाजतो. ठाण्या-मुंबईच्या बाजारात जून महिन्यात शेवळाच्या जुडीबरोबर जी हिरवी फळे मिळतात ती हीच.

ऐनाच्या खडबडीत बुंध्यांवर बाशिंगाची नेचे चढलेली होती. या वनस्पतीला दोन प्रकारची पाने असतात. एक लांब, हिरवी, पावसाळ्यात फुटणारी. दुसरी रुंद, तपकिरी, कागदासारखी, झाडाला चिकटून राहणारी. ही दुसरी पाने वाळली तरी गळत नाहीत. वरून पडणारा पालापाचोळा आणि धूळ त्यांत अडकते, कुजते, आणि त्या ओंजळभर मातीवर हे नेचे जगते. जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर झाडाच्या अंगावर केलेली ही शेती आहे. त्याच बुंध्यांवर शेवाळ आणि दगडफूल, वरच्या फांद्यांवर आमरींचे झुबके. पाण्यासाठी जमिनीवर अवलंबून न राहता हवेतल्या ओलाव्यावर जगणारे हे सारे कुटुंब ढगातील जंगलाची पहिली खूण मानले जाते.

खिंडीत आदिवासींच्या देवाचे ठाणे आहे. तेथे थांबून, पाया पडून काका पुढे निघाले. त्यापुढे कातळ, लोखंडी शिडी, आणि प्रवेशाच्या वाटेवर पडलेला पोर्तुगीज राजमुकुटाचा कोरीव दगड. माथा जेमतेम सतराशे फुटांचा. महाबळेश्वरच्या मानाने ही उंची काहीच नाही. तरीही त्या दिवशी वर वीस पावलांपलीकडचे दिसत नव्हते. आणि तेथे एक गोष्ट अनुभवली, जी पुस्तकात वाचलेली होती पण अंगावर घेतलेली नव्हती. उघड्या माळावर पाऊस नव्हता. झाडाखाली उभे राहिले की मात्र टपटप थेंब पडत होते. ढग झाडाच्या अंगातून जात होता आणि झाड त्यातील पाणी गाळून खाली देत होते.

शास्त्रज्ञ ज्याला क्लाउड फॉरेस्ट म्हणतात, आपण मेघवन म्हणू, त्याचे सारे रहस्य या टपटपीत आहे. समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगर चढताना थंड होते आणि एका ठराविक उंचीवर तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू होतात. हे बिंदू इतके हलके असतात की ते पाऊस म्हणून पडत नाहीत, वाऱ्याबरोबर आडवे वाहतात. पाने, काटक्या, शेवाळ, नेचे यांना ते थटतात, एकत्र येतात, आणि मग खाली टपकतात. या आडव्या पावसाची नोंद उघड्यावर ठेवलेले पर्जन्यमापक घेऊ शकत नाही. जगात अशी वर्षभर ढगात राहणारी उष्णकटिबंधीय जंगले फार थोडी आहेत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पर्वतरांगांत, पूर्व आफ्रिकेत, आग्नेय आशियाच्या बेटांवर. त्यांपैकी कोस्टा रिकामधील मॉन्टेव्हर्दे हे सर्वांत प्रसिद्ध.

मॉन्टेव्हर्देचा इतिहास आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही, म्हणून थोडा विस्तार करतो. १९५१ मध्ये अमेरिकेतील क्वेकर पंथाची काही कुटुंबे, लष्करी सक्तीला कंटाळून, सैन्य बरखास्त केलेल्या कोस्टा रिकात स्थायिक होण्यासाठी आली. त्यांनी डोंगरावर जमीन घेतली, जंगल तोडून कुरणे केली, दुग्धव्यवसाय सुरू केला. ते काही पर्यावरणवादी नव्हते. पण एक शहाणपण त्यांनी केले. डोंगराच्या वरच्या भागातील, ढगात असलेले जंगल त्यांनी आपसांत वाटून न घेता तसेच राखले. कारण गावाचे पाणी तेथून येत होते. या राखलेल्या जंगलाच्या शेजारीच पुढे १९७२ मध्ये संरक्षित वनाची स्थापना झाली, संशोधक आले, त्यांच्यामागून पर्यटक आले. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी पाणी, मग विज्ञान, मग पर्यटन. आपल्याकडे अशेरी-कोहोजच्या बाबतीत पर्यटन आधी आले आहे, आणि बाकीच्या दोहोंची वाट पाहणे चालू आहे.

मॉन्टेव्हर्देची दुसरी गोष्ट दुःखद आहे. तेथील सोनेरी भेक, जगात इतरत्र कोठेही नसलेला, १९८७ मध्ये मोठ्या संख्येने दिसला होता. १९८९ मध्ये एकच दिसला, आणि त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने असे दाखवले, की त्या डोंगरावर कोरड्या हंगामातील धुके नसलेले दिवस वाढत चालले होते. समुद्र तापल्यामुळे ढगांचा तळच वर सरकत असावा, असा त्याचा अन्वयार्थ होता. भेक नेमका कशाने गेला, यावर मतभेद आहेत. बुरशीजन्य रोगाकडे आणि एल निनोच्या कोरड्या वर्षांकडेही बोट दाखवले जाते. परंतु ढगाच्या उंचीतील थोडासा बदल एखाद्या जंगलाची घडी बदलू शकतो, हे त्यानंतर कोणी फारसे नाकारले नाही.

आता आपल्याकडे. काटेकोर व्याख्येने पाहिले तर महाराष्ट्रात मेघवन नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली येथील सदाहरित आणि निमसदाहरित राया त्याच्या सर्वांत जवळ जातात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्याच्या रात्री कुजक्या लाकडावरील बुरशी मंद प्रकाशते, आणि आंबोलीच्या कातळांवर वाघासारख्या पट्ट्यांचा एक भेक राहतो, ज्याची शास्त्रीय नोंद २००९ इतक्या उशिरा झाली. पण तेथेही ऑक्टोबर ते मे हा दीर्घ कोरडा काळ असतो. केरळ-निलगिरीकडे कोरडे महिने कमी, उत्तरेकडे यावे तसे अधिक. मनोरला तर जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि नंतर जवळजवळ काहीच नाही. म्हणून येथील जंगल पानझडी आहे. चार महिने मेघवनासारखे जगायचे आणि उरलेले महिने वाळवंटासाठी तयारी करायची, असा त्याचा दुहेरी संसार आहे.

तो दुसरा संसार पाहावा म्हणून एप्रिलमध्ये पुन्हा त्याच वाटेने गेलो. काका तेच. साग पूर्ण उघडा झाला होता. बाशिंगाची हिरवी पाने कधीच गेली होती, तपकिरी तेवढी बुंध्याला चिकटून होती. शेवाळ काळे पडून कातळावर करपल्यासारखे दिसत होते. आमरींचे झुबके मात्र जिवंत होते, आपल्या फुगीर खोडांतले पाणी पुरवून पुरवून वापरत. डोंगराच्या दक्षिण उतारावर एक मोठा पट्टा जळालेला होता. राख अजून उडत होती. माथ्यावरील गुहेतल्या देवीपाशी पोहोचलो तेव्हा अंगातले पाणी संपले होते. बाहेर कातळात खोदलेली टाकी होती, त्यांतील एकात तळाशी पाणी होते. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ही टाकी खोदली त्यांना या डोंगराचा स्वभाव नीट कळला होता. कातळ पाणी झिरपू देत नाही. तेव्हा जुलैचे पाणी मेपर्यंत न्यायचे तर साठवावे लागेल, हे त्यांचे गणित. खाली पाड्यात विहिरीने तळ गाठला होता. "जूनपर्यंत असेच," काका म्हणाले, आणि विषय बदलला.

सह्याद्रीच्या आणि त्याच्या पश्चिमेकडील फाट्यांच्या या भागात खाली बेसॉल्टचा अभेद्य थर आहे. त्यावरील मातीचा पापुद्रा पातळ. पावसाचे पाणी उताराने धावत सुटते, आणि काही तासांत ओढ्यातून सूर्या किंवा वैतरणेला मिळते. त्याला रोखणारी गोष्ट एकच: जंगलाच्या तळाशी असलेला पाल्याचा, मुळांचा, गांडुळांनी पोखरलेल्या मातीचा थर. हा थर जेथे जाड असतो तेथे पाणी मुरते आणि कातळाच्या भेगांतून झऱ्याच्या रूपाने महिनोनमहिने झिरपत राहते. जेथे तो नसतो तेथे जुलैत पूर आणि मार्चमध्ये कोरडा ओढा. जंगल म्हणजे स्पंज, हे वाक्य शालेय पुस्तकांनी इतके गुळगुळीत केले आहे की त्यातील अटी कोणी सांगत नाही. झाडे पाणी पितातही. वर्षभर हिरवी राहणारी, झपाट्याने वाढणारी लागवड कोरड्या महिन्यांत झरे आटवूही शकते. येथील ऐन, हेद, साग यांनी पाने गाळून या प्रश्नावर स्वतःचा तोडगा काढलेला आहे. पण निव्वळ सागाची लागवडही निर्धोक नाही. त्याच्या रुंद पानांवर जमून पडणारा मोठा थेंब उघड्या मातीला खणून काढतो, आणि सागाखालचा पाला व झुडुपे जळालेली असतील तर माती वाहून जाणे ठरलेलेच. म्हणजे प्रश्न डोंगरावर झाडे किती, एवढाच नाही. झाडाखाली काय उरले आहे, हा आहे.

आणि तेथे दरवर्षी वणवा लागतो. वणव्याचा दोष आदिवासींवर टाकून मोकळे होण्याची सवय जुनी आहे. या भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत आहे. ऐनाच्या फांद्या, पाला, गवत वाफ्यावर पसरून जाळायचे आणि त्या राखेत बी टाकायचे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी ठाणे जिल्ह्यातील जंगले राखीव केली तेव्हा याच राबावरून एवढा असंतोष पसरला की सरकारला १८८५ मध्ये एक वन आयोग नेमावा लागला. राब हा शेतातला, आटोक्यातला विस्तव आहे. डोंगर पेटतो त्याची कारणे अनेक: मोह वेचण्यासाठी तळ साफ करणे, कोवळे गवत फुटावे म्हणून लावलेली आग, वनजमिनीवर डोळा, रस्त्यावरून फेकलेली विडी, आणि अलीकडे मुक्कामी पर्यटकांनी न विझवलेली चूल. कारण कोणतेही असो, जुलैत आपण ज्या शेवाळाची छायाचित्रे काढतो, त्याच्या पायाखालची गादी मार्च-एप्रिलमध्ये जळून जाते. ती वर्षानुवर्षे जळत राहिली तर डोंगर जुलैत हिरवा दिसेलच, पावसाळ्यात गवतही हिरवे असते. झरे मात्र डिसेंबरातच थांबतील.

पावसाची पद्धतही बदलत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. संथ, दिवसेंदिवस चालणारा, ढगात गुरफटलेला पाऊस हा मुरणारा पाऊस असतो. एका दिवसात कोसळणारा पाऊस वाहून जातो. वार्षिक बेरीज तीच राहिली तरी डोंगराच्या पदरात कमी पडते.

या डोंगराकडून शहराने काय काय घेतले, याची यादी मोठी आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अशेरी आणि मनोरवर ताबा मिळवला, तो या खिंडीवर नजर ठेवण्यासाठी आणि तितकाच येथील सागवानासाठी. वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ च्या दरम्यान, मराठ्यांनी त्यांना येथून हुसकावले. मुंबई वाढली तशी लाकूड, कोळसा आणि गवत यांची मागणी वाढली. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्यात वेठबिगारीबरोबर गवतकापणीच्या आणि जंगलकामाच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता, हे आज मुंबईत फारसे कोणाला आठवत नाही. आता लाकूड-गवताची जागा पाण्याने घेतली आहे. तानसा १८९२ मध्ये, मोडकसागर १९५७ मध्ये, पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा, अलीकडे मध्य वैतरणा. मुंबईच्या नळाला येणारे पाणी मुख्यत्वे याच डोंगरपट्ट्यातले आहे. सूर्या प्रकल्प मुळात येथील शेतीच्या सिंचनासाठी झाला. त्याच्या पाण्यावर आधारलेल्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारसाठी दररोज १८५ आणि मीरा-भाईंदरसाठी २१८, असे एकूण ४०३ दशलक्ष लिटर पाणी ठरवण्यात आले. वसई-विरारचा पुरवठा २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. ही जलवाहिनी मेंढवण खिंडीखालून बोगद्याने जाते. म्हणजे अशेरीच्या पायथ्याखालून.

शहराला पाणी देऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. तहान शहरालाही लागते, आणि तेथे राहणाऱ्यांत याच जिल्ह्यातून पोट भरायला गेलेले पुष्कळ आहेत. मुद्दा देवघेवीचा आहे. तानसाच्या पाणलोटातील जंगल राखले पाहिजे, हे मुंबईच्या जलअभियंत्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळले. तलावाभोवतीची दाट वने आणि पुढे झालेले अभयारण्य ही त्याचीच फळे. मनोरभोवतीचे डोंगर मात्र तानसा आणि तुंगारेश्वर या दोन अभयारण्यांच्या बाहेर पडतात. महामार्ग, मुंबई–बडोदा द्रुतगती मार्ग, मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग, बुलेट ट्रेन, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराकडे जाणारे रस्ते. हे सारे याच जिल्ह्यातून जाते. प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात तोडल्या जाणाऱ्या झाडांची संख्या असते आणि त्याबदल्यात लावायच्या रोपांचीही. बाशिंगाने पन्नास वर्षांत झाडावर जमवलेली मूठभर माती त्या कोष्टकाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

उरला प्रश्न पर्यटकांचा. त्यांच्याबाबत शासनाकडे सध्या दोनच उपाय आहेत: सर्व मोकळे सोडणे, किंवा सर्व बंद करणे. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि ठिकठिकाणी मनाई आदेशांचा पाऊस पडला. अशा आदेशाने पोलिसांना नाक्यावर उभे राहण्याचा अधिकार मिळतो, आणि पर्यटकांना आडवाटेने जाण्याची प्रेरणा. पाड्यातील ज्या मुलांनी त्या आठवड्यात वाट दाखवून, भाकरी-पिठले देऊन चार पैसे मिळवले असते, त्यांचे नुकसान होते ते वेगळेच.

तिसरा मार्ग आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात येणाऱ्यांची दैनंदिन संख्या मर्यादित केली जाते, आगाऊ नोंदणी होते, शुल्क घेतले जाते, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांमार्फत चालते. तेथेही तक्रारी आहेत. कुंपणावरून वाद झाला, हिशेबावरून होतो. पण आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत, एवढी जाणीव पर्यटकाला प्रवेशद्वारापाशीच होते. मनोरच्या परिसरात त्यासाठी कायद्याची तर अधिकच भक्कम बैठक आहे. हे अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. धबधब्याशी किती माणसे असावीत, कोणत्या दिवशी ओढ्यात उतरू नये, हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्यापेक्षा खडकोण्यातील काकांना अधिक नेमके सांगता येईल. त्या जुलैच्या सकाळी परतताना त्यांनी ओढ्याच्या पाण्याचा रंग पाहून आम्हाला अर्धा तास अलीकडच्या काठावर थांबवले होते. वर कोठे तरी कोसळत होते. अर्ध्या तासाने ओढा दुप्पट झाला, मग हळूहळू ओसरला, आणि आम्ही पलीकडे गेलो.

जंगलाशी कसे वागावे याचा एक जुना करारही येथे आहे. पालघर–मनोर रस्त्यावरील खिंडीला वाघोबाचे नाव आहे, तेथे त्याचे देऊळ आहे, आणि वाहनचालक आजही तेथे वेग कमी करून हात जोडतात. वारल्यांच्या वाघोबाची अशी ठाणी मुंबईपासून डहाणूपर्यंत विखुरलेली आहेत. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, त्याची पूजा होते: गुरांचे रक्षण कर, आम्ही तुझा मान राखतो. बिबट्या आजही या डोंगरांत आहे, आणि तो माणसांच्या इतक्या जवळ राहूनही टिकला आहे, याचे थोडे श्रेय या समजुतीला द्यावे लागते. तिने बिबट्याचे हल्ले थांबत नाहीत, हे खरे. पण पाहुणा कोण आणि यजमान कोण, याचा हिशेब त्यात स्पष्ट असतो. शनिवारी येणाऱ्या दुचाकींच्या ताफ्याला तोच ठाऊक नसतो.

व्यवहाराचे बोलायचे तर गरज मोठी नाही. सूर्येचे पाणी घेणाऱ्या शहरांनी पाणलोटाच्या राखणीसाठी ठराविक वाटा द्यावा आणि पर्यटनाच्या शुल्कातील मोठा हिस्सा ग्रामसभेकडे राहावा. त्यातून दोन कामे व्हावीत. झऱ्यांच्या वरच्या उतारांवर चर आणि दगडी बांध, आणि डोंगराभोवती जाळरेषा. पहिले काम रोजगार हमीतून थोडेफार होते. दुसऱ्याची गोष्ट वेगळी. जाळरेषा गवत वाळल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत काढावी लागते, आणि ती राखायला मेपर्यंत माणसे जागेवर असावी लागतात. पाड्यांतील निम्मी घरे तोवर वीटभट्ट्यांवर आणि शहरातील बांधकामांवर गेलेली असतात. मुकादमाची उचल दिवाळीच्या सुमारास मिळते. ती एकदा घेतली की पावसाळ्यापर्यंत सुटका नाही. तेव्हा डोंगर राखण्याच्या मजुरीची हमी मिळायची असेल तर ती मार्चअखेरच्या खर्चात मिळून उपयोगाची नाही, वाघबारशीच्या आत मिळायला हवी.